सांदवाडीतल्या लाल मातीशी जुळवून घेताना

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. तिकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये ह्यांची बदली कुरखेड्याला झाली आणि आम्ही सासूबाईंजवळ, तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. घरामागे दोन गुंठ्यांची सांदवाडी रिकामी पडली होती. सासऱ्यांच्या वेळी तिथे वांगी, वाल, सांबार (म्हणजे कोथिंबीर) सगळं व्हायचं म्हणे. मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं की पावसाळ्याच्या आत वाफे तयार करायचे. वाफ्यांना दीड वर्ष लागलं आणि माती सुधारायला तीन. मधल्या काळात काय केलं, काय चुकलं आणि किती खर्च आला, ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. पूर्व विदर्भात घरामागे लाल चिकण माती असलेली घरं पुष्कळ आहेत आणि विचारायला जावं तर जो तो वेगळंच सांगतो.

मे महिन्यात खणायला घेतलं. कुदळ मारली की टणकन आवाज यायचा आणि मनगटापर्यंत झिणझिण्या जायच्या. सब्बलीने तळहाताएवढे तुकडे निघायचे. दोन दिवसांत चार हात जागासुद्धा झाली नाही. मग रात्री पाइप सोडून ठेवला, म्हटलं भिजली की नरम होईल. सकाळी फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी माती निघाली. आनंदाने सगळी उलथून टाकली. चार दिवसांच्या उन्हात त्या प्रत्येक ढेकळाची वीट झाली. त्या विटा फोडायला रोजाने माणूस लावला, त्याचे चौदाशे रुपये गेले.

शेजारचे आजोबा कुंपणाजवळ उभे राहून पाहत होते. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, मातीची चार नावं सगळ्यांना पाठ असतात: कन्हार म्हणजे काळी भारी, मोरांड मध्यम, सिहार हलकी पिवळसर-तांबडी आणि बर्डी म्हणजे खडे-मुरमाची. मी विचारलं, "आजोबा, आपली कोणती?" ते म्हणाले, "सिहारच होती पोरी. पण वरची तुमच्या जोत्यात गेली, ही खालची हाय." तेव्हा उलगडा झाला. २०१६ मध्ये घर नव्याने बांधलं, तेव्हा जोत्यात भरण घालायला मागचीच माती उकरली होती. लाल जमिनीत पावसाच्या पाण्याबरोबर बारीक चिकण कण वर्षानुवर्षं खाली उतरत जातात. म्हणून वरची वीतभर माती हलकी असते आणि तिच्याखाली गच्च थर असतो. ती वीतभर माती गेली की हाती उरतो तो हा थर. तुमच्या घरामागेही माती कडक लागत असेल तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा की बांधकामाच्या वेळी भरणाची माती कुठून काढली होती. मला हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर सासऱ्यांच्या बागेशी तुलना करून मी स्वतःला इतका त्रास करून घेतला नसता.

जूनमध्ये मोठी चूक झाली. चिकण मातीत रेती मिसळली की ती मोकळी होते, असं दोघातिघांनी सांगितलं. एका शेजाऱ्याच्या घरकुलाची रेती उरली होती, ती ट्रॉलीभर अडीच हजारांत घेतली आणि मातीत मिसळली. वर भेंडी, चवळी पेरली, टमाटरची (इकडे भेदरं म्हणतात) रोपं लावली. २०२२ चा जुलै-ऑगस्ट गडचिरोली जिल्हा विसरणार नाही, पुराने रस्ते किती वेळा बंद झाले याची गणती नव्हती. आमच्या वाडीत पाणी दोन-दोन दिवस उभं राहिलं. उघाड पडली की वर पापडासारखी पपडी धरायची. साठ भेंडीच्या बियांपैकी अकरा वर आल्या. एक पपडी उचलून पाहिली तर खाली कोंब होता, वर यायला जागा न मिळाल्याने आडवा वळून पिवळा पडलेला. ते पाहून फार वाईट वाटलं. भेदरांची पानं खालून जांभळी झाली आणि झाडं वीतभर वाढून थांबली. एका दुकानदाराने जिप्समची दोन पोती आणि टॉनिकची बाटली दिली. त्यात एकोणीसशे रुपये गेले आणि फरक काहीच पडला नाही. जिप्सम चोपण, क्षारपड जमिनीसाठी असतं, आम्ल लाल मातीचा सामू (पीएच) त्याने सुधारत नाही, हे मला नंतर कळलं.

दिवाळीत पाऊस पूर्ण थांबला आणि रेती मिसळलेला भाग बाकीच्या जागेपेक्षाही कडक झाला. वीटभट्टीवर मातीत रेती का घालतात, याचा मी आधी विचारच केला नव्हता. रेतीने पोत बदलायचा तर मातीच्या निम्म्याहून जास्त रेती लागते. एखाद्या ट्रॉलीची रेती चिकण कणांत रुतून बसते आणि सगळं मिळून घट्ट होतं. हा एक खर्च तरी तुमचा वाचावा.

महिनाभर मी वाडीकडे फिरकले नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझ्यादेखत मागचं दार लावून घ्यायच्या, एवढंच.

जानेवारी २०२३ मध्ये ह्यांनीच सुचवलं की आधी माती तपासून घेऊ. नमुना कसा घ्यायचा ते कृषी सहाय्यकांनी सांगितलं. वाडीत नागमोडी चालत सात ठिकाणं निवडली. झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची आणि कुंपणालगतची जागा सोडून दिली. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, माती काढून टाकायची आणि खड्ड्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खरवडून घ्यायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असल्यास गंजलेली खुरपी वापरू नये, मी लाकडी उलथन्याने काढली. सातही ठिकाणची माती कापडावर एकत्र करून चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले दोन पुन्हा मिसळले. अर्धा किलो उरेपर्यंत हेच केलं. मग सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरली. खत घातल्यावर निदान तीन महिने नमुना घेऊ नये. जिप्सम ऑगस्टमध्ये पडलं होतं, त्यामुळे माझी अडचण झाली नाही.

अडचण आली ती कागदांची. अर्जात गट क्रमांक लिहायचा होता आणि सातबारा जोडायचा होता. गावठाणातल्या घराच्या जागेला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. १८ जानेवारीला तालुक्याच्या ठिकाणी माझी पिशवी परत हातात आली. वाद न घालता मी विचारलं की मग अशा जागेची माती कुठे तपासतात. उत्तर मिळालं की थेट जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून खासगी नमुना देता येतो. ३० जानेवारीला एसटीने गडचिरोलीला गेले. अर्जात गट क्रमांकाच्या रकान्यात 'गावठाण, घर क्रमांक' असं लिहिलं, नमुना ८ ची झेरॉक्स जोडली, पावती घेतली. शुल्क थोडंच होतं, बसभाडं त्याहून जास्त पडलं. तुमचीही जागा गावठाणात असेल तर तालुक्याला हेलपाटा घालण्याआधी फोन करून एवढं विचारून घ्या. पिशवीच्या आत एक चिठ्ठी आणि बाहेर एक, अशा दोन ठेवा. पेनाने लिहिलेली ओल लागून पुसते, पेन्सिलीने लिहा.

अहवालासाठी सात आठवडे थांबावं लागलं. २१ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, घ्यायला गेले. चारच दिवसांपूर्वी महिलांना एसटीचं अर्धं तिकीट सुरू झालं होतं, गाडीत बसायला जागा नव्हती. उभ्यानेच कागद उघडला. सामू ५.६, म्हणजे आम्ल. सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, कमी. नत्र कमी, स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ६.८ किलो, अत्यंत कमी. पालाश (पोटॅश) बरं. जस्त आणि बोरॉन कमी, लोह भरपूर. या मातीचा लाल रंगच लोहाच्या ऑक्साइडचा. सूरजागडचे लोहखनिजाचे डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहेत. आम्ल मातीत हे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, झाडाला मिळू देत नाहीत. भेदरांची पानं जांभळी का पडली, ते सात महिन्यांनी कळलं. मी पाणी कमी-जास्त दिल्यामुळे ती मेली असं मला वाटत होतं. त्या गर्दीत उभ्या उभ्या डोळे भरून आले.

अहवाल समजावून घ्यायला पुन्हा कृषी सहाय्यकांकडे गेले. त्यांनी तासभर दिला. क्रम त्यांनी कागदावर लिहून दिला आणि तो क्रमच महत्त्वाचा ठरला. आधी शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, गुंठ्याला पंधरा किलो. घर रंगवायचा कळीचा चुना चालत नाही, तो फार जहाल असतो. चुन्यानंतर तीन आठवडे शेणखत घालायचं नाही, नाहीतर खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं. मग खत, मग हिरवळीचं पीक, म्हणजे वाढवून मातीतच गाडायचं पीक. चुना जवळच्या दुकानात नव्हता, मागवावा लागला. तीस किलोचे वाहतुकीसह चारशे वीस रुपये झाले. त्या एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, त्याचा फायदा घेतला. २५ तारखेला तोंडाला ओढणी बांधून चुना पसरला आणि वरच्या चार बोटं मातीत दाताळ्याने कालवला.

दरम्यान सेंद्रिय कर्ब वाढवायचं साहित्य जमवत होते. ते सगळं आजूबाजूलाच होतं. धानाच्या गिरणीवर तुसाचे डोंगर असतात. बारा पोती तूस फुकट मिळालं, आणायला ऑटोचे तीनशे दिले. तूस लवकर कुजत नाही आणि म्हणूनच चिकण मातीत दीर्घकाळ पोकळी ठेवतं. पण कच्चं तूस मातीत घातलं तर कुजताना ते मातीतलंच नत्र ओढतं. म्हणून शेण, गोमूत्र आणि तूस यांचे थर लावून अडीच महिने कुजवलं. शेणखताची एक ट्रॉली बावीसशेला पडली.

पाला मोहफुलांच्या हंगामात मिळाला. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडून पेटवून देतात. नात्यातल्या दोन बायकांच्या शेतात मोहाची झाडं आहेत. मी त्यांना म्हटलं, जाळू नका, मी पहाटे येऊन झाडून देते आणि पाला घेऊन जाते. सहा पहाटे गेले. अंधारात मोहाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास, खराट्याचा आवाज आणि मधूनच पानांवर टपकन पडणारं फूल. परत येताना डोक्यावर पोतं असायचं. या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

तलावाच्या गाळाचाही प्रयत्न केला. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ही आपल्या पूर्व विदर्भाची जुनी ठेव. कोहळी समाजाने यातले पुष्कळ तलाव बांधले, आणि १९५१ मध्ये मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेल्यावर ते सरकारकडे आले. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गाळ मिळतो असं ऐकून ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पुन्हा सातबाराच आडवा आला. १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडला. शेतकऱ्यांची मागणी पूर्ण झाल्यावर उरेल तो गाळ स्वखर्चाने न्यावा, असं ठरलं. २४ मेला दोन ट्रॉल्या मिळाल्या, वाहतुकीचे सोळाशे लागले. आजोबांनी बजावलं होतं की गाळ बर्डीसाठी चांगला, चिकणीवर टाकून काही फायदा नाही. म्हणून तो कुंपणाकडच्या मुरमाड पट्ट्यातच पसरला. त्यातून मोथा नावाचं तण आलं ते आजपर्यंत निघालेलं नाही. गाळ आणलात तर आधी महिनाभर उन्हात वाळवून त्यातल्या गाठी वेचून काढा. मी घाई केली.

आता वापशाबद्दल, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, हलवण्याजोगी असते त्या वेळेबद्दल. लाल चिकण मातीत दुसरं काही जमलं नाही तरी हे जमायला हवं, असं माझं मत आहे. वापसा म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण तो काळ्या मातीचा. काळ्या मातीत वापसा आला की चार-पाच दिवस हाताशी असतात. इथे ओल्यातून कोरड्यात माती जेमतेम दीड दिवसात जाते. जून २०२३ मध्ये पाऊस उशिरा आला, महिना संपत आला तेव्हा कुठे. पहिल्या पावसानंतर मी लगेच फावडं घेऊन निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बाई, पाय नको ठेवू. मातीले आज हात लावला त वरीसभर रडंल ते." मग स्वतः कडेला बसल्या, मूठभर माती घेऊन दाबली, गोळा केला आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडला. गोळा थपकन बसला, फुटला नाही. "उद्या," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा पडला तो चपटा होऊन कडेने चिरला. संध्याकाळी चार वाजता सोडला तेव्हा त्याचे पाच-सहा तुकडे झाले, आणि हातावर लाल लेप न राहता नुसती धूळ राहिली. "आता कर." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून पूर्ण वाडी हलवली. गेल्या वर्षी ज्या मातीने मनगटं दुखवली, ती दाताळ्याखाली भाकरीच्या पिठासारखी सुटत होती. ओल्या मातीवर पाय दिला की तिच्यातली हवेची जागा दाबली जाते आणि ती वाळली की तशीच गच्च राहते. हे मी नंतर वाचलं. सासूबाईंना ते पाचवी शिकलेल्या असूनही माहीत होतं, आणि मी वर्षभर त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

२६ जूनला हिरवळीच्या पिकासाठी ढैंचा पेरला, पन्नास रुपयांचं बी. पंचेचाळीस दिवसांनी, १० ऑगस्टला, फुलावर येण्याआधी विळ्याने कापून, बारीक करून, वापसा साधून मातीत गाडला. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या तर आत गुलाबी होत्या, म्हणजे त्या नत्र धरत होत्या. गणपतीनंतर गादीवाफे केले, तीन फूट रुंद, वीतभर उंच. मध्ये चालायला दीड फुटाची वाट ठेवली आणि वाटेवर मुरूम टाकला. वाफ्यावर तेव्हापासून आजपर्यंत कुणाचा पाय पडलेला नाही. नातवंडं आली तरी त्यांना वाटेवरूनच फिरवतात सासूबाई. सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत वाफाभर न फेकता कुजलेल्या खतात मिसळून रोपाच्या ओळीतच दिलं, म्हणजे लोहाच्या तावडीत सापडण्याआधी मुळांना मिळतं. बी पेरल्यावर वर माती न लोटता चाळलेलं खत अर्धा बोट पसरलं. पपडी धरलीच नाही. मेथी, सांबार, पालक चौथ्या-पाचव्या दिवसापासून ओळीने दिसायला लागले.

त्या हिवाळ्यात बाजारातून सांबार आणला नाही. वांगी बरी आली, भेदरं मध्यम, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा भरपूर. गाजर वाकडी निघाली, खालचा थर अजून कडकच होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात तणसाचं (धानाच्या पेंढ्याचं) आच्छादन केलं आणि त्याला उधळी (वाळवी) लागली. एका रात्रीत मिरचीची सात झाडं बुडाशी पोखरली गेली. तेव्हापासून आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवते, खाली निंबोळी पेंड टाकते आणि तणसाऐवजी मोहाचा पाला वापरते.

घरात या मातीबरोबर राहणं हाही एक भाग आहे. पांढरे कपडे मागच्या अंगणात वाळत घालत नाही. पावसाचे शिंतोडे भिंतीवर हातभर उंच लाल पट्टा उठवतात, म्हणून भिंतीलगत फुटभर गिट्टी पसरली. कपड्याला माती लागली तर ओली असताना चोळू नये, वाळू द्यावी, झटकावी आणि मग थंड पाण्यात टाकावी. मागच्या दारात पाय धुवायची टाकी केली, तिचे साडेसातशे रुपये मला सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा नमुना दिला, या वेळी एकाच फेरीत. सामू ६.२, सेंद्रिय कर्ब ०.५२, स्फुरद ११. स्फुरद अजूनही कमीच आहे. रेती घातलेला तुकडा सोडून दिला आहे, त्याच्यावर दरवर्षी नुसता पाला टाकते, खणत नाही. गेल्या महिन्यात तिथे खुरपी टेकवली तर दोन बोटं आत गेली आणि एक गांडूळ निघालं. सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी ते पाल्याखाली परत झाकलं.

परवा पहिला पाऊस झाला. काल सकाळी गोळा सोडून पाहिला, थपकन बसला. आज दुपारी कडेने चिरला. चार वाजता परत पाहायचा आहे, ढैंच्याचं बी भिजत घातलंय.